समोसा : तीन कोनांचे नाव



या पंधरवड्याचे सदर एका वाचक भगिनींच्या पत्राला उत्तर म्हणून लिहीत आहे. त्यांचे सासरे ७९ वर्षांचे आहेत. रक्तदाबाचे औषध चालू आहे, मधुमेह आहे पण आटोक्यात आहे. हिंडते-फिरते आहेत, वृत्तपत्र वाचतात. गेले काही महिने दुपारच्या चहाबरोबर त्यांना समोसा हवासा वाटतो. मात्र 'समोसा' हा शब्द त्यांच्या तोंडी येत नाही. "ते तीन कोनांचं आणा ना," असे ते म्हणतात. शाळकरी नातू हसतो, आजोबा रागावतात आणि मग चहा गार होईपर्यंत कोणी कोणाशी बोलत नाही. भगिनींचे प्रश्न तीन आहेत. हा विस्मरणाचा आजार तर नव्हे? समोसा द्यावा की नाही? आणि तिसरा प्रश्न त्या नातवाचा आहे: याला 'समोसा' का म्हणतात? घरात कोणालाच ते सांगता आले नाही, असे त्या लिहितात.

मी तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करणार आहे. तो सर्वांत कमी महत्त्वाचा वाटेल, पण पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच दडले आहे.

'समोसा' हा शब्द मराठी नाही, हिंदीही मुळातला नाही. तो इराणातून आला. इस्लामपूर्व काळातील पहलवी, म्हणजे मध्ययुगीन फारसी भाषेत या पदार्थाला 'सनबोसग' म्हणत, आणि त्याचा अर्थ सांगितला जातो तो त्रिकोणी पक्वान्न असा. पुढच्या फारसीत शेवटचा 'ग' गळून 'सनबोसा' उरले. अरबांनी मात्र हा शब्द 'ग' गळण्यापूर्वीच उचलला होता. त्यांच्या भाषेत त्या 'ग'चा 'ज' झाला, म्हणून जुन्या अरबी ग्रंथांत 'सनबूसज' आढळते. आपल्या ओळखीच्या फालुद्याचीही हीच कथा आहे: फारसीत 'फालूदा', तर अरबीत 'फालूधज'. ज्याला आपण थंड पेयांच्या दुकानातील शब्द समजतो, तो बगदादच्या खलिफांच्या भोजनगृहातून फिरून आलेला असतो!

बगदादचा उल्लेख उगीच केला नाही. नवव्या शतकातील गायक व कवी इस्हाक अल-मौसिली याने 'सनबूसज'वर कविता रचली होती आणि दहाव्या शतकात ती खलिफाच्या पंगतीत म्हणून दाखवली गेल्याची नोंद इतिहासकार अल-मसूदी याने करून ठेवली आहे. १२२६ मध्ये बगदाद येथे लिहिलेल्या एका पाकशास्त्राच्या ग्रंथात कृतीही आहे: पातळ पोळीच्या पट्ट्या कापायच्या, त्यांत शिजवलेले मांस भरायचे, त्रिकोणी घडी घालायची, कडा पिठाने चिकटवायच्या आणि तिळाच्या तेलात तळायचे. ज्यांनी मुंबईतील इराण्याच्या हॉटेलात पट्टी समोसा खाल्ला आहे, त्यांना ही कृती अगदी ओळखीची वाटेल. आठशे वर्षांत घडी बदललेली नाही.

भारतात हा पदार्थ दिल्लीच्या सुलतानांच्या काळात रुळला. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता मुहम्मद तुघलकाच्या दरबारी काही वर्षे होता. तिथल्या जेवणाचे त्याने बारकाईने वर्णन केले आहे. बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा आणि मसाले घालून शिजवलेला खिमा पातळ पोळीत भरून तुपात तळत आणि प्रत्येकापुढे चार-पाच नग ठेवत, असे तो सांगतो. या पदार्थाला दिल्लीत काय म्हणत, तेही त्याने लिहून ठेवले आहे: 'समूसक'.

इथे जरा थांबू या. 'सनबोसा'मधला 'ब' कुठे गेला? याचे उत्तर आपल्या फळबाजारात आणि अंगणात सापडते. मूळ संस्कृत 'निम्ब' आपल्याकडे 'कडुनिंब' म्हणून टिकला, हिंदीत त्याचा 'नीम' झाला. आपला 'आंबा' तिकडे 'आम', आपले 'जांभूळ' तिकडे 'जामुन'. 'म'नंतर येणारा 'ब' मराठीने जपला, उत्तरेच्या बोलींनी गिळला. 'समोसा' या शब्दातूनही 'ब' तसाच गळालेला दिसतो. तो थेट इराणातून आपल्याकडे उतरला असता तर कदाचित आपण आज 'संबोसा' म्हणालो असतो. सोमालिया व इथिओपियात आजही 'सांबूसा'च म्हणतात. मला भाषेतील अशा खुणा फार आवडतात. कागदपत्रांशिवाय शब्द आपला प्रवास सांगून जातो.

दिल्लीनंतरचा टप्पा आपल्या शेजारचा आहे. माळव्यातील मांडू येथे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुलतान गियासुद्दीन खिलजी राज्य करीत होता. त्याच्या खाण्यापिण्याच्या हौसेतून 'निमतनामा' हा सचित्र ग्रंथ निघाला. त्याची हस्तलिखित प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात समोशांच्या अनेक कृती आहेत, आणि सुलतानासमोर समोसे तयार होत असल्याचे एक सुंदर चित्रही आहे. पुढे अकबराच्या काळात अबुल फझलने 'ऐन-इ-अकबरी'त 'कुताब' नावाच्या पदार्थाविषयी लिहिताना, हिंदचे लोक याला 'सनबूसा' म्हणतात, असे नोंदवले.

या सगळ्या शतकांतल्या समोशात बटाटा नव्हता, मिरचीही नव्हती. दोन्ही वस्तू अमेरिका खंडातल्या. पोर्तुगीजांमुळे त्या आपल्या किनाऱ्याला लागल्या आणि 'बटाटा' हा शब्दही आपण त्यांच्याकडूनच घेतला. बटाट्याची लागवड भारतात सर्वदूर पसरली ती एकोणिसाव्या शतकात. तेव्हा हल्लीचा जाड पारीचा, बटाट्याचा समोसा हा त्या मानाने अगदी अलीकडचा. उलट पोर्तुगीजांनी समोसा इथून उचलला. गोव्यातून तो 'शामुसा' होऊन मोझांबिकला आणि लिस्बनला गेला.

आता बंगालकडे वळा. तिथे समोसा मागितलात तर दुकानदार समजून घेईल, पण त्याचा शब्द 'शिंगाड़ा'. ओडिशात आणि बिहारच्या काही भागांतही याच धर्तीचे नाव आहे. हा शब्द मात्र अस्सल संस्कृत 'शृंगाटक'. आपण उपवासाला ज्याचे पीठ वापरतो, तोच तळ्यातला टोकदार, तिकोनी शिंगाडा. पदार्थ परका आला, नाव घरचे मिळाले. आणि ते का मिळाले? तर आकार सारखा दिसला म्हणून. हैदराबादेत याच घराण्यातला चौकोनी पदार्थ आहे, त्याला 'लुखमी' म्हणतात. तो शब्द 'लुकमा', म्हणजे घास, यावरून आलेला. चौकोन झाल्याबरोबर जुने नाव सुटले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

तेव्हा त्या नातवाला सांगावे : बाळा, इराणातल्या लोकांनी हा पदार्थ पाहिला आणि त्याच्या तीन कोनांवरून त्याला नाव दिले. बंगालमधल्या लोकांनी पाहिला, त्यांनीही तेच केले. तुझे आजोबा "ते तीन कोनांचं" म्हणतात, तेव्हा तेही नेमके हेच करीत असतात.

हे मी समजूत घालण्यासाठी लिहीत नाही. वैद्यकीय दृष्टीनेही यात अर्थ आहे. वस्तू ओळखणे आणि तिचे नाव आठवणे ही मेंदूची दोन वेगवेगळी कामे आहेत. आजोबांना काय हवे ते पक्के ठाऊक आहे. ते कसे दिसते, कधी खातात, कुठून आणतात, हे सारे शाबूत आहे. अडते ते फक्त नावाशी. वय वाढते तसा शब्द जिभेवर येऊन अडण्याचा अनुभव बहुतेकांना येतो. त्यातही विशेषनामे प्रथम दगा देतात : शेजाऱ्याचे आडनाव, जुन्या नटाचे नाव. थोड्या वेळाने, दुसऱ्याच कामात असताना, ते नाव आपसूक आठवते. एवढेच असेल तर काळजीचे कारण नाही.

मात्र भगिनींच्या पत्रातील एक तपशील मी नजरेआड करणार नाही. अडणारा शब्द रोजच्या वापरातला आहे, आणि गेले काही महिने तोच अडतो आहे. म्हणून पुढच्या दोन-तीन आठवड्यांत एक साधी वही ठेवावी. 'समोसा' एवढाच शब्द अडतो, की चष्मा, किल्ली, वाटी असे इतर शब्दही? अडखळण्याचे प्रमाण वाढते आहे का? तोच प्रश्न तासाभरात पुन्हा विचारला जातो का? ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे, औषधाची गोळी दोनदा घेणे, असे काही घडते का? समोसा खाऊन झाल्यावर पुन्हा "आज आणला नाहीत" असे म्हणतात का? यांपैकी काही आढळले तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. तपासणीच्या खोलीतील दहा मिनिटांत जे दिसत नाही, ते त्या वहीत असते.

डॉक्टर बहुधा प्रथम उपाय असलेली कारणे शोधतील. ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे त्यांतले एक. शाकाहारी वृद्धांत ती पुष्कळ आढळते, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत तिची शक्यता आणखी वाढते. थायरॉइडचे काम मंदावणे, रक्तातील सोडियम कमी होणे, झोपेच्या गोळ्या, खिन्नता, आणि चक्क कमी ऐकू येणे, यांनीही माणूस विसराळू भासतो. कानात मळ साचला म्हणून ज्याला 'भ्रमिष्ट' ठरवले गेले, असा वृद्ध ही दुर्मीळ गोष्ट नाही. ही सारी कारणे तपासून झाल्यावरच मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाण्याचा प्रश्न येतो. आजोबांच्या आधीच्या औषधांची यादी बरोबर न्यायला विसरू नका.

एका गोष्टीत मात्र वही-बिही काही नाही. बोलता बोलता अचानक शब्द सुचेनासे झाले, बोलणे बोबडे झाले, तोंड एका बाजूला वाकले किंवा एका हातातील शक्ती गेली, तर तो पक्षाघाताचा झटका समजावा आणि त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयाकडे निघावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. "सकाळपर्यंत पाहू" या दोन शब्दांनी अनेकांची वाचा कायमची गेली आहे. लक्षणे अर्ध्या तासात आपोआप ओसरली तरीही रुग्णालय टाळू नये.

रोजच्या अडखळण्याच्या वेळी घरच्यांनी काय करावे? पहिली गोष्ट, थांबावे. आपण समजतो त्यापेक्षा थोडे जास्त थांबावे. सात-आठ सेकंदांची शांतता काही कोणाला खात नाही. शब्द आला नाही तर पहिले अक्षर सुचवावे, "स… समो…" असे. पुष्कळदा तेवढ्याने कुलूप उघडते. तेही जमले नाही तर आपणच सहजपणे म्हणावे, "समोसा ना? आणते हं मामंजी." एवढ्यावर विषय संपवावा. "हे काय आहे, सांगा बरं!" अशी परीक्षा मात्र घेऊ नये. ज्या माणसाने चाळीस वर्षे कचेरी सांभाळली, त्याला नातवासमोर बालवर्गात बसवण्याचा हा प्रकार आहे, आणि अपमानाच्या भीतीने शब्द आणखीच दूर पळतो. अशी माणसे हळूहळू बोलणेच कमी करतात. विस्मरणापेक्षा हे मौन मला अधिक चिंताजनक वाटते.

आता समोसा द्यावा की नाही. माझे मत आधी सांगतो : आठवड्यातून एकदा, एक लहान समोसा, ताज्या तेलातला, द्यावा. रोज नको. आजोबांच्या डॉक्टरांनी हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी वेगळे पथ्य सांगितले असेल तर ते माझ्या मतापेक्षा वरचढ समजावे. मूत्रपिंडाच्या ज्या रुग्णांना पोटॅशियमचे बंधन आहे, त्यांना बटाट्याचे सारणही चालत नाही.

सरसकट बंदीच्या मी विरुद्ध का आहे? सत्तरीनंतर जिभेची आणि नाकाची संवेदना मंदावते, भूक कमी होते. त्यात गोड बंद, मीठ बंद, तळलेले बंद असे करीत गेले की ताटात उरते ते बेचव अन्न, आणि माणूस खाणेच सोडतो. उतारवयात कुपोषण हा स्थूलपणाइतकाच खरा धोका आहे. म्हणून महिन्यातून एकदा वजन करावे. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन विसाव्या हिश्शाने, म्हणजे ६० किलोंचे ५७ झाले, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. ज्याला खावेसे वाटते आहे, त्याची ती इच्छा म्हणजे काही शत्रू नव्हे. तिला वळण लावता येते.

रोज नको म्हणतो त्याची कारणेही स्पष्ट आहेत. पारी मैद्याची, सारण बटाट्याचे, दोन्ही पिष्टमय. वर मोहन घातलेले आणि तेलात बराच वेळ मंद आचेवर तळलेले. एका ग्रॅम स्निग्धांशातून ९ कॅलरी मिळतात, त्यामुळे एक मोठा समोसा सहज अडीचशे कॅलरींच्या घरात जातो. मधुमेह असेल त्या दिवशी रात्रीच्या जेवणातील भात किंवा एक पोळी कमी करावी. मिठाचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सुचवले आहे. समोसा आणि वर चटणी मिळून त्यातला बराच वाटा एका बैठकीत संपतो. रक्तदाब असलेल्याने चटणी चाखण्यापुरतीच घ्यावी.

बाहेरून आणायचाच तर कढईकडे पाहावे. तेल काळपट, दाट, फेसाळ असेल, किंवा धूर सोडत असेल तर परत फिरावे. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात आरोग्याला घातक अशी संयुगे साचत जातात; त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून मनाई केली आहे. आपल्याजवळ ते मोजण्याचे यंत्र नसते, पण डोळे आणि नाक असते. समोसा वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊ नये. छपाईची शाई अन्नात उतरते. आपला डबा न्यावा, त्यात कसला आला संकोच!

खाताना आजोबांनी ताठ बसावे, पलंगावर रेलून नव्हे. समोशाच्या कोपऱ्यांत पिठाची घडी जाड आणि कडक असते. कवळी असलेल्यांच्या हिरडीला ती टोचते आणि लाळ कमी असली तर घशात अडकते. ते कोपरे काढून टाकावेत, उरलेला भाग कुस्करून द्यावा. पाणी पितानाही ज्यांना ठसका लागतो, त्यांना असा कोरडा, भुगा होणारा पदार्थ देऊच नये. आधी गिळण्याची तपासणी करून घ्यावी. आणि मधुमेहाच्या रुग्णाची साखर एकाएकी उतरली, घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, तर समोर आहे म्हणून समोसा पुढे करू नये. तेलामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर लागतो. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला त्या वेळी साखरेचे पाणी किंवा ग्लुकोजच द्यावे.

घरी करायचा विचार असेल तर जुन्या ग्रंथांकडेच परत जावे, असे मी सुचवेन. मध्य आशियात आजही 'सोमसा' तंदुरात भाजतात, तळत नाहीत. आपणही पट्टी समोशाची पातळ पारी घ्यावी. तयार पट्ट्या मिळतात. घरी कणीक आणि मैदा निम्मे-निम्मे घेऊन पातळ पोळ्या लाटून, तव्यावर जेमतेम शेकूनही जमते. सारणात वाफवलेले मटार, बारीक कांदा, थोडे कुस्करलेले पनीर घालावे. इब्न बतूताच्या आठवणीखातर अक्रोड किंवा बदामाची बारीक पूड चमचाभर घालता येईल. तुकडे नकोत, वृद्धांच्या घशाला ते बरे नाहीत. सारण ओलसर वाटले तर मूठभर पातळ पोहे मिसळावेत, ते पाणी शोषून घेतात. मीठ नेहमीच्या निम्मे ठेवून आले, जिरे आणि लिंबू यांनी चव उचलावी. त्रिकोणी घडी घालून कडा पिठाच्या खळीने चिकटवाव्यात, वरून तेलाचा हात फिरवावा आणि ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये रंग येईपर्यंत भाजावे. घडी घालण्याचे काम आजोबांना द्यावे, नातवाला शेजारी बसवावे. भाजलेली पारी गार झाली की चिवट होते, तेव्हा चहा आधी टाकून ठेवावा आणि समोसे गरम असतानाच ताटलीत वाढावेत.